त्रेचाळीस-अ

कचेरीत त्याला सगळे पोटनियम म्हणत. समोर 'पोटनियमसाहेब', पाठीमागे नुसतं 'पोटनियम'. नाव पडलं तेव्हा त्याला पोट नव्हतं, नियम मात्र तोंडपाठ होते. कुणी म्हणालं, "नियम नऊ बघा," की हा मान वर न करता म्हणायचा, "त्याचा पोटनियम दोन आधी बघा." पुढे खुर्चीत बसून बसून पोटही आलं आणि नाव दोन्ही बाजूंनी खरं झालं. आता निवृत्त होऊन त्याला आठ महिने झाले होते. या गोष्टीत त्याला अहो-जाहो केलेलं नाही, ते काही चुकून नाही. तो स्वतःच स्वतःला अहो-जाहो करत नसे, गेली अठरा वर्षं तर नाहीच नाही.

निवृत्तीनंतरही नव्या कारकुनांना शिकवायला त्याला शिस्त शाखेत बोलावत. सरकारी नोकरांच्या चुका, चौकशा आणि शिक्षा यांचा कारभार बघायचा, ते या शाखेचं काम. तिथे एक प्रकरण त्याला दर वेळी शिकवावं लागे, कारण ते त्याचंच प्रकरण होतं आणि छापील टिपणांत जाऊन बसलं होतं. प्रश्न असा, की एखाद्या अधिकाऱ्याला मोठी शिक्षा देण्याआधी लोकसेवा आयोगाला विचारणं बंधनकारक आहे का? नियमात शब्द होते 'आयोगाचा सल्ला घेण्यात येईल'. आता 'येईल' म्हणजे घ्यायलाच हवा, की घेतला तर बरं? या एका 'येईल'वर कोर्टात चार वर्षं भांडण झालं होतं.

"मग कोर्ट काय म्हणालं?" तो विचारायचा.

"बंधनकारक नाही!" वर्ग एका सुरात.

"का नाही?"

"आयोग सल्ला देतो, हुकूम देत नाही. सल्ला मानायचा की नाही हे सरकारच्या हातात. म्हणून विचारलं नाही, एवढ्यावरून शिक्षा रद्द होत नाही."

"शाबास," तो म्हणायचा, आणि फळा पुसायला वळायचा. फळा पुसायचा म्हणून नाही हो. 'शाबास' म्हणताना त्याला कुणाच्या डोळ्यांत बघवत नसे.

या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी हात वर करून म्हणाली, "सर, बंधनकारक नव्हतं, हे कळलं. पण विचारलं का नव्हतं?"

अठरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. कोर्टानं नाही, साहेबानं नाही, बायकोनंसुद्धा नाही. पोटनियमच्या हातातला खडू मोडला.

"वेळ नव्हता," तो म्हणाला.

मुलीनं मान खाली घालून वहीत लिहून घेतलं. ते दोन शब्द वहीत उतरताना बघून त्याचे कान तापले. आता हे खोटंही टिपणांत जाणार आणि पुढची पोरं ते पाठ करणार, असं त्याच्या मनात आलं. त्या दिवशीचा तास त्यानं दहा मिनिटं आधीच सोडला.

वेळ नव्हता म्हणे! वेळ हवा होता किती, ते ऐका.

प्रकरण होतं एका वजनमापे निरीक्षकांचं. बाजारात फिरायचं, दुकानदारांचे तराजू-काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारून दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. बावीस वर्षं त्यांनी ते नीट केलं. एका दुपारी चढावरचा बाजार बघायचा होता, पाय दुखत होते, तेव्हा त्यांनी खालीच चहाच्या टपरीवर बसून अकरा काट्यांचे दाखले न बघता सही करून दिले. त्यातला एक काटा कमी भरला. तक्रार झाली, चौकशी झाली, आणि निरीक्षकांनी पहिल्याच दिवशी कबूल करून टाकलं. खात्याच्या मोठ्या साहेबांचं डोकं तेव्हा वर्तमानपत्रांतल्या बातम्यांनी तापलेलं होतं. त्यांनी ठरवलं, बडतर्फ करा. म्हणजे नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेलं, आणि कपाळावर शिक्का बसला तो वेगळाच.

फाईल पोटनियमकडे होती. रिवाजाप्रमाणे त्यानं ती आयोगाकडे पाठवली. आयोग काय म्हणेल, याचा त्याला अंदाजही होता. आदल्याच वर्षी अशाच एका प्रकरणात 'वेतनवाढी रोखा, तेवढं पुरे' असं आयोगानं कळवलं होतं, आणि खात्यानं ते मुकाट्यानं ऐकलं होतं. ते पत्र फायलीला यानंच लावलं होतं.

आयोगाकडे फाईल पाठवायची म्हणजे प्रत्येक पानावर कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक घालायचा आणि वर सूची जोडायची. पोटनियमनं क्रमांक घालताना दोन पानांवर त्रेचाळीस घातला. झालं एवढंच. सूचीत पानं एकशे अठरा, आणि शेवटच्या पानावर आकडा एकशे सतरा. आठ दिवसांत आयोगाकडून फाईल परत आली. सोबत दोन ओळींचं पत्र: 'पृष्ठांकन सदोष आहे. दुरुस्त करून फेरसादर केल्यास प्रकरणाचा प्राधान्याने विचार करण्यात येईल.'

यावर उपाय काय, ते कचेरीतला शिपाईसुद्धा सांगेल. दुसऱ्या त्रेचाळीसपुढे 'अ' लिहायचा. त्रेचाळीस, त्रेचाळीस-अ. शेजारी छोटी सही ठोकायची आणि फाईल परत पाठवायची. मेली एक मिनिटाची गोष्ट!

पण पंधरा दिवस आधी आणखी एक फाईल अशीच परत आली होती. तेव्हा शाखेच्या मॅडम सगळ्यांसमोर त्याच्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या होत्या, "अहो, पहिलीतलं पोरही शंभरपर्यंत न चुकता मोजतं. तुम्हाला पाटी आणून देऊ का?" शाखा खो खो हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या टेबलावर खरोखरच एक पाटी होती, पेन्सिलीसकट. कुणी ठेवली ते कळलं नाही. एरवी जो दुसऱ्यांचे पोटनियम काढायचा, त्याची ही गत. तो आठवडाभर डबासुद्धा एकटाच खात होता.

आणि आता पुन्हा तेच. योगायोग असा, की त्या दिवशी आवक टपाल नोंदवणारा कारकून रजेवर होता आणि त्याचं काम पोटनियमकडेच होतं. त्यानं पत्र वाचलं. इकडेतिकडे बघितलं, पत्राची घडी घातली आणि खिशात टाकली. उद्या गुपचूप 'अ' लिहून फाईल परत धाडू, एवढंच त्याच्या मनात होतं. वाईट कुणाचंच करायचं नव्हतं.

पण दुसऱ्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "ती वजनमाप्यांची फाईल तुमच्या टेबलावर कशी? आयोगाकडे गेली होती ना?"

सगळ्यांचे कान टवकारले. पाटी अजून खिडकीत होती. पोटनियमच्या तोंडून निघून गेलं, "मीच परत मागवून घेतली, मॅडम. आयोगाला विचारायची गरजच नाही. बंधनकारक नाही ते."

"कशावरून?"

"लिहून देतो."

आणि मग त्यानं जे लिहून दिलं, त्याला तोड नव्हती. जुन्या कपाटातून एक धूळ खाल्लेला निर्णय शोधून काढला आणि 'येईल' या शब्दाचा कीस पाडला. नियम नेमका कुणासाठी आहे, सल्ला आणि हुकूम यांत फरक काय, प्रत्येक मुद्दा पोटनियमासकट मांडला. तीन पानांची टिपणी झाली. मॅडम वाचत गेल्या आणि त्यांच्या भुवया वर वर जात राहिल्या. "हे तुम्ही लिहिलंत?" त्या म्हणाल्या, आणि पाटी खिडकीतून स्वतः उचलून कपाटामागे टाकली. पोटनियमला तेव्हा बरं वाटलं. हेच तर त्याला पुढे जन्मभर खुपत राहिलं, की तेव्हा बरं वाटलं होतं.

मोठ्या साहेबांनी सही केली. निरीक्षक बडतर्फ झाले. ते कोर्टात गेले, आयोगाला विचारलं नाही एवढा एकच मुद्दा घेऊन, आणि हरले. सरकारची बाजू त्या टिपणीवरून उतरवली होती. निकाल आला त्या दिवशी शाखेत चहा झाला, फुलांचा गुच्छ झाला, आणि वर्षभरात पोटनियमला बढतीही मिळाली. घरी बायकोनं कौतुकानं ताट वाढलं, तर त्याला दोन घास गेले नाहीत. "आनंदानं पोट भरलं वाटतं," ती हसून म्हणाली. त्यानंही हसून घेतलं.

आयोगाचं ते पत्र त्यानं फाडलं नाही. फाडायला हातात घेतलं होतं दोन-तीनदा. मग नियमांच्या जाड पुस्तकाला घातलेल्या खाकी कव्हरात सरकवून ठेवलं, आणि ते पुस्तक तो निवृत्त होताना घरी घेऊन आला.

वर्गातल्या त्या मुलीनं प्रश्न विचारल्याला पाच दिवस झाले आणि रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. बायकोनं दार उघडलं. बाहेर एक वाळकासा म्हातारा माणूस उभा होता. सदरा स्वच्छ, काखेत कापडी पिशवी.

"साहेब आहेत का, वहिनी?"

पोटनियमनं आवाजावरून नाही, पण हातांवरून ओळखलं. चौकशीच्या वेळी हेच हात टेबलावर शांत ठेवलेले होते. तो खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला.

"बसा ना, बसा," तो कसाबसा म्हणाला.

निरीक्षक टेकले. इकडचं तिकडचं विचारून झालं. ते आता काटे दुरुस्त करत होते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. "आता मात्र एकेक काटा तीनदा बघतो," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. बायकोनं चहा आणून ठेवला आणि तिथेच भाजी निवडत बसली. ऊठ म्हणायचं पोटनियमच्या जिभेवर होतं, पण म्हणता आलं नाही.

"काम असं आहे साहेब," निरीक्षकांनी पिशवीतून अर्ज आणि कागदांचा गठ्ठा काढला, "जुन्या शिक्षांचा सरकार एकदा फेरविचार करतंय. बुधवारी शेवटची तारीख आहे. बडतर्फ काढून 'सक्तीनं निवृत्त' एवढं केलं, तरी माझं भागलं. मी मेल्यावर आमच्या हिला थोडं निवृत्तिवेतन मिळेल, आणि कागदावरचा तो शब्द जाईल. मला अर्ज लिहिता येत नाही धड. मुलगा म्हणाला वकील बघा. मी म्हटलं, त्या फायलीतलं साहेबांइतकं कोणाला माहीत आहे?"

"माझ्याकडे आलात?" पोटनियमचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "ती टिपणी माझी होती. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे की. फायलीची नक्कल तेव्हाच मागवून घेतली मी, सगळी वाचली. त्यात तुमचं काय चुकलं? कायद्यात होतं ते लिहिलंत. कोर्टही तेच म्हणालं."

त्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर पोटनियमला सोसलं असतं. त्यानं मान खाली घालून अर्ज वाचायला घेतला. छापील नमुना होता, अक्षर वळणदार, प्रत्येक रकाना जपून भरलेला. सातव्या रकान्यात प्रश्न होता: 'शिक्षा देताना कार्यालयाच्या बाजूने काही चूक झाली होती काय? असल्यास तपशील व पुरावा.' खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, की अशी चूक नसल्यास अर्जाचा विचार होणार नाही. आणि समोर निरीक्षकांनी लिहिलं होतं, 'नाही. चूक माझीच होती.'

पोटनियमनं ते तीनदा वाचलं.

"हे असं लिहिलंत तर अर्ज पहिल्याच टेबलावर मरेल," तो म्हणाला.

"मग काय लिहू? खोटं नको, साहेब. एकदा खोट्यावर सही करून बघितली आहे." निरीक्षकांनी नकलेचा गठ्ठा पुढे सरकवला. "आणि खरं सांगू का? मलाही पटलं होतं. नकलेत वाचलं ना मी, फाईल आयोगाकडे पाठवली होती आणि ती परत मागवून घेतली. म्हणजे माझा गुन्हा इतका उघडा पडला होता, की कुणाला विचारावं एवढंसुद्धा त्यात काही राहिलं नव्हतं. अठरा वर्षं हेच मनाशी धरून बसलोय. हिला सांगतो, अगं, आपण काय तोंड वर करून बोलायचं?"

बायकोचे शेंगा मोडणारे हात थांबले. ती नवऱ्याकडे बघत होती. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि कपाळावर घाम आला होता.

"अहो, बरं वाटत नाही का?"

तो उठला. आतल्या खोलीत जाऊन नियमांचं जाड पुस्तक घेऊन आला. कव्हरात बोटं घातली, तर पत्र चिकटून बसलं होतं, निघता निघेना. शेवटी त्यानं कव्हरच फाडलं. दोन ओळींचं पत्र निरीक्षकांच्या हातात देताना त्याला वर बघवलं नाही. सगळी शरम मानेत येऊन बसली होती.

निरीक्षकांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं.

"प्राधान्यानं विचार करण्यात येईल," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे माझं प्रकरण तिथे पोचलं होतं?"

"पोचलं होतं."

"आणि ते विचार करणार होते?"

"हो."

"मग परत कशाला मागवलंत?"

"मागवलं नाही. त्यांनीच परत धाडलं होतं. माझी पानं चुकली होती. दोन पानांवर त्रेचाळीस पडला होता. शाखेत पुन्हा हसतील म्हणून मी पत्र खिशात घातलं. विचारलं तेव्हा म्हटलं, बंधनकारकच नाही. ते खरंही निघालं." त्यानं फाटकं कव्हर पुस्तकाखाली सरकवलं. "बंधनकारक नव्हतंच, निरीक्षकसाहेब. पण मी विचारलं नाही ते त्यासाठी नाही. मला लाज वाटली म्हणून विचारलं नाही."

"दुरुस्त करायला किती वेळ लागला असता?"

पोटनियमनं टेबलावरची पेन्सिल उचलली. नकलेच्या गठ्ठ्यातून दुसरं त्रेचाळीस नंबरचं पान काढलं. ते पान म्हणजे निरीक्षकांचा स्वतःचा कबुलीजबाब होता. आकड्यापुढे त्यानं 'अ' लिहिला, शेजारी छोटी सही केली आणि पान त्यांच्यापुढे सरकवलं.

"एवढा?" निरीक्षकांनी विचारलं.

"एवढा."

निरीक्षक त्या अक्षराकडे बघत राहिले. राग आला असावा, कारण त्यांचे ते शांत हात पहिल्यांदाच झटक्यात पुढे आले. चहाचा कप त्यांनी बाजूला सारला, पलीकडच्या फुलदाणीपर्यंत सारला.

"मी अकरा काटे बघितले नव्हते," ते म्हणाले. "त्यासाठी मला बडतर्फ केलं. बरोबरच केलं असेल. तुम्हाला काय केलं, साहेब?"

"बढती दिली."

बायकोनं पदर तोंडाला लावला. पोटनियमला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण जमीन काही दुभंगली नाही, आणि बुधवार तीन दिवसांवर होता. त्यानं कोरे कागद पुढे ओढले. सातव्या रकान्यातलं 'नाही' खोडलं आणि तिथे 'होय, सोबत जोडपत्र' असं लिहिलं. जोडपत्रात त्यानं सगळं उतरवलं. पाटी लिहिली, खिसा लिहिला, 'परत मागवण्यात आली' हे खोटं असल्याचं लिहिलं. 'पोटनियम' नव्हे, स्वतःचं खरं पूर्ण नाव आणि शेवटचा हुद्दा लिहिला. या वेळी वाक्यं काही डौलदार होत नव्हती. दोनदा खाडाखोड झाली.

"यात तुम्हाला काही होईल का हो?" बायकोनं हळूच विचारलं.

"होईल. टपाल दडवलं, खोटी नोंद केली. निवृत्त झालो तरी चौकशी लागते. निवृत्तिवेतन कापू शकतात." सवयीनं त्याच्या तोंडून पुढचंही निघून गेलं, "त्याआधी आयोगाचा सल्ला घेण्यात येईल."

"आणि तो बंधनकारक असतो?"

त्यानं पुढचा कागद घेतला. निरीक्षक खिडकीबाहेर बघत होते.

जोडपत्र चार पानांचं झालं. आयोगाचं मूळ पत्र त्यानं पुरावा म्हणून मागे लावलं, सगळ्यावर टाचणी मारली आणि पेन्सिल घेऊन कोपऱ्यात क्रमांक घालायला वाकला. निरीक्षकांनी हात पुढे करून गठ्ठा आपल्याकडे ओढून घेतला. पेन्सिलही घेतली.

"राहू द्या, साहेब," ते म्हणाले. "पानं मी मोजतो."